देवळाबाहेरचा सोबती

मार्गशीर्ष लागला की बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात दोन देवांचे उत्सव पाठोपाठ येतात. शुद्ध षष्ठीस खंडोबाची चंपाषष्ठी आणि पौर्णिमेस दत्तजयंती. मंगसुळीच्या खंडोबाची वाट चालणारे आणि बाळेकुंद्रीस पंतमहाराजांच्या समाधीकडे किंवा निपाणीजवळच्या आडीच्या डोंगरावर दत्तदर्शनास जाणारे लोक पुष्कळदा एकाच घरातले असतात. दोन्ही देव रानावनात हिंडणारे, आणि दोघांच्याही पायांशी कुत्रे. देव्हाऱ्यातील खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायांपाशी बहुधा ते असतेच. आणि रविवर्म्याच्या छापखान्यापासून आजच्या दिनदर्शिकेपर्यंत दत्ताच्या तसबिरीत पाठीमागे गाय व पुढे चार कुत्री ही मांडणी कधी बदललेली नाही. ही कुत्री कोण, असे आपल्या घरातील कोणत्याही मुलास विचारावे. ‘चार वेद’ असे उत्तर तत्काळ मिळते. हे उत्तर इतके पाठ झाले आहे, की त्यात कुत्री कोठे गेली याची चौकशी करावी असे कोणास वाटत नाही. ती चौकशी करण्याचा आमचा येथे विचार आहे.

असे करण्यास निमित्त घडले ते एका कीर्तनाचे. गेल्या दत्तजयंतीस आम्ही आमच्या भागातील एका देवस्थानात होतो. स्थानाचे व माणसांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण जे घडले ते कोठेही घडते. सूर्यास्ताच्या सुमारास जन्मकाळ होता. पाळणा सजला होता, सुंठवड्याचा वास सभामंडपात दरवळत होता. एक वृद्ध गृहस्थ दर गुरुवारी टिळकवाडीकडून चालत येतात. त्यांच्यासोबत पट्ट्याला बांधलेले एक तांबूस गावठी कुत्रे असते. ते गृहस्थ कधी आत जात नाहीत. दीपमाळेपाशी उभे राहून कळसाला हात जोडतात. कोणी ‘आत चला’ म्हटले तर कोंकणीत म्हणतात, “तो भितर येना, हांवूय भायर रावतां.” त्या दिवशी गर्दीत कोणाचा तरी पाय पडला म्हणून कुत्रे केकाटले, आणि केकाटण्याचा आवाज ऐकून एका सेवेकऱ्याने धावत येऊन त्याच्या पाठीत काठी घातली. कुत्र्याने नैवेद्यास तोंड लावले नव्हते, कोणास चावले नव्हते. गृहस्थ काही बोलले नाहीत. पट्टा हाताला गुंडाळून ते निघून गेले. आम्ही तेथे दहा हातांवर उभे होतो. आम्हीही काही बोललो नाही.

रात्री कीर्तन झाले. बुवा नामांकित, आवाज गोड, साकी-दिंडीवर हुकमत, पूर्वरंगातील विवेचन नेटके. उत्तररंगास त्यांनी आख्यान घेतले महाप्रस्थानाचे. पांडव वल्कले नेसून निघतात, मागून एक कुत्रा येतो. बुवांनी कुत्र्याच्या भुंकण्याची नक्कल केली, शेपूट हलवण्याचा अभिनय केला, मंडप हसला. मग द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम या क्रमाने पतन. येथे बुवांचा गळा भरून आला आणि श्रोत्यांचाही. इंद्राचा रथ आला. कुत्र्यास सोडल्याखेरीज स्वर्ग नाही असे इंद्र म्हणाला. युधिष्ठिर नको म्हणाला, आणि दुसऱ्याच वाक्यास बुवांनी टाळी घेतली: ‘तो कुत्रा नव्हताच! तो साक्षात धर्म होता!’ मृदंग, जयघोष, आरती.

कीर्तनास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. बुवांची योग्यता आम्ही जाणतो. परंतु व्यासांनी जेथे जेथे थांबावयास सांगितले आहे तेथे बुवा थांबले नाहीत, आणि जेथे एका श्लोकात आटोपले आहे तेथे घटकाभर रमले. मूळ पर्व उघडून पाहावे. इंद्र आणि युधिष्ठिर यांचा संवाद हा त्या पर्वाचा प्राण आहे. इंद्राची बाजू लटकी नाही. कुत्रे बाळगणाऱ्यांस स्वर्गात स्थान नाही, त्यांच्या इष्टापूर्ताचे पुण्य क्रोधवश हरण करतात, कुत्र्याची दृष्टी पडलेले हविर्द्रव्य वाया जाते, असे तो सांगतो. हा शास्त्राचा पक्ष आहे, आणि युधिष्ठिराने तो खोडून काढलेला नाही. कुत्रे पवित्र आहे असे तो एकदाही म्हणत नाही. त्याचे म्हणणे निराळे आहे: हा माझा भक्त आहे, माझ्यामागे आला आहे, आणि भक्ताचा त्याग हे ब्रह्महत्येच्या तोडीचे पाप होय. इंद्र टोचून विचारतो, भावांना आणि द्रौपदीला टाकलेस, मग या कुत्र्याचा एवढा लोभ का? युधिष्ठिर उत्तरतो, ते मेले होते. त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडलेले नाही. या प्रसंगी त्याच्या तोंडी व्यासांनी ‘आनृशंस्य’ हा शब्द घातला आहे. निष्ठुर नसणे, हाच त्याचा सरळ अर्थ.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की हे बोलताना युधिष्ठिरास ते कुत्रे कोण हे ठाऊक नाही. जर ठाऊक असते तर त्याच्या नकारास काही किंमत उरली नसती. देवासाठी स्वर्ग सोडण्यात कोणता मोठा त्याग? तो एका साध्या कुत्र्यासाठी दाराबाहेर थांबावयास तयार झाला. आणि त्या कुत्र्याने असे काय केले होते? संपूर्ण पर्वात त्यास नाव नाही, त्याचा एकही पराक्रम नाही, त्याने कोणाचे रक्षण केलेले नाही, कोणास वाट दाखविलेली नाही. बुवांनी त्यास भुंकावयास लावले, पण व्यासांचे कुत्रे हस्तिनापुरापासून मेरूपर्यंत भुंकल्याचा उल्लेख नाही. ते चालले, एवढेच. शेवटपर्यंत सोबत चालणे हेच त्याचे सगळे पुण्य, आणि युधिष्ठिराने ते पुरेसे मानले. बुवांच्या आख्यानात मात्र धर्म प्रकट होण्याची घाई एवढी झाली, की कुत्र्यासाठी झालेला त्याग कुत्र्याच्या नावावर जमाच झाला नाही. संध्याकाळी काठी मारणारा सेवेकरी त्या मंडपात बसून डोळे पुसत होता. त्याच्या अश्रूंविषयी आम्हांस शंका नाही. त्याने धर्मासाठी अश्रू ढाळले. संध्याकाळचे ते केवळ कुत्रे होते.

महाभारताच्या आरंभी दुसरे एक कुत्रे आहे, त्याची कथा कीर्तनात आम्ही कधी ऐकलेली नाही. आदिपर्वाच्या पौष्योपाख्यानात जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रात दीर्घसत्र करीत असतो. देवशुनी सरमेचा मुलगा तेथे येतो, आणि जनमेजयाचे भाऊ त्यास मारतात. तो रडत आईकडे जातो. आई विचारते, तू काही अपराध केला असशील. तो सांगतो, मी हवीकडे पाहिले नाही, ते चाटलेही नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते: माझ्या निरपराध मुलास का मारले? कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शापते, की तुम्हांस अदृष्ट भय प्राप्त होईल. जनमेजय घाबरतो आणि त्या शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधीत हिंडतो.

एका महाग्रंथाचे पहिले पाऊल एका मार खाल्लेल्या कुत्र्यापाशी पडावे आणि शेवटचे पाऊल एका न सोडलेल्या कुत्र्यासोबत पडावे, हे आम्हांस योगायोग वाटत नाही. आणि या दोन्ही कथांत यज्ञाची किंवा स्वर्गाची मर्यादा मोडावी असे कोणी म्हटलेले नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पोराने हवी चाटला असता तर सरमेस बोलावयास जागा नव्हती. तिचा स्वतःचा प्रश्नच तसे दाखवितो. तिचा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे: निरपराधास मारले, आणि विचारल्यावर कोणी तोंड उघडले नाही. त्या मंडपातील मौन आमच्या ओळखीचे आहे.

आता तसबिरीकडे वळू. भागवताच्या एकादश स्कंधात यदूस भेटलेला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा त्या अवधूतास दत्तात्रेय मानते. पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र यांच्याबरोबर त्या यादीत कबूतर आहे, अजगर आहे, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा आहे, साप आहे, कोळी आहे, कुंभारीण माशीसुद्धा आहे. कुत्रे नाही. जे प्रत्येक तसबिरीत आहे ते चोविसांच्या यादीत कोठेच नाही. आम्हांस हे फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्यापासून शिकावयाचे तो गुरू. ज्याच्यासोबत चालावयाचे तो सोबती. अवधूताने कुत्र्यापासून काही शिकल्याचे सांगितले नाही, आणि चित्रकारांनी मात्र त्यास अवधूताच्या पायांपासून कधी दूर केले नाही. चार वेदांचा अर्थ त्या चित्रावर बसतो, यात संशय नाही. ज्ञान ब्रह्मज्ञाच्या मागे मागे चालते हा विचार सुंदरच आहे. पण रूपकाचे एक वैगुण्य असते. ते ज्या वस्तूवर बसते ती वस्तू त्याखाली दिसेनाशी होते.

आमच्या कथांचा हा एक ठरीव ढंग आहे. एकनाथांच्या चरित्रात जनार्दनस्वामी त्यांना देवगिरीजवळच्या डोंगरात नेतात. दत्त तेथे मलंग फकिराच्या वेषात येतात, बरोबर एक कुत्री असते. तिचे दूध काढून त्यात भाकरी कुस्करून गुरू आणि मलंग एका पात्रात जेवतात, आणि नाथ संकोचाने मागे सरतात. केवढी विलक्षण आणि धीट कथा! पण सांगणारा लगेच सांगतो, ती कुत्री म्हणजे कामधेनू. नामदेवांची भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात, कोरडी भाकरी खाऊ नकोस म्हणून विनवतात. आणि तो कुत्रा म्हणजे विठ्ठल. एकदा धर्म, एकदा कामधेनू, एकदा विठ्ठल, एकदा वेद. प्रत्येक वेळी पडदा उघडतो आणि कुत्रे नाहीसे होते. नामदेवांच्या कथेत निदान एवढे आहे, की नामदेव धावले ते भाकरी नेणाऱ्या भुकेल्या जिवामागे. बाकीचे आपण मागाहून जोडले.

खंडोबाकडे हा ढंग चालत नाही, हे त्या देवाचे वैशिष्ट्य. तेथे उलट आहे. कुत्रे देव होत नाही, माणूसच देवाचे कुत्रे होतो. वाघ्ये आणि कानडी मुलखातील मैलारलिंगाचे गोरवय्या हे स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. काही ठिकाणी विधीच्या वेळी भुंकतात आणि पात्राला तोंड लावून खातात. सुशिक्षितांस हे ओंगळ वाटते, आम्हांसही तरुणपणी वाटले होते. परंतु धन्याच्या मागे चालण्याची जी धन्यता हे लोक आपल्या अंगावर घेतात ती वेदांच्या रूपकापेक्षा कुत्र्याच्या जातीला अधिक मान देणारी आहे, असे आता आम्हांस वाटते.

आणि कानडी मुलखाची गोष्ट निघालीच आहे तर आतकूरचा शिलालेख विसरून चालणार नाही. मंड्य जिल्ह्यातील हा लेख राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळचा, इ. स. 949-950 च्या सुमाराचा. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केल्याबद्दल गंग राजा दुसऱ्या बूतुगाने मणलेर नावाच्या वीरास ‘काय हवे ते माग’ म्हटले. त्याने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाचा ‘काळि’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे त्या कुत्र्यास बेळतूरच्या डोंगरात एका मोठ्या रानडुकरावर सोडले असता दोघे एकमेकांस मारून मेले. मणलेराने चल्लेश्वराच्या देवळासमोर शिळा उभी केली, तीस जमीन लावून दिली आणि तिची पूजा देवळाच्या गोरवाकडे सोपविली. एक हजार वर्षांहून जुना हा दगड आज बंगळूरच्या संग्रहालयात आहे. येथे काळि हा काळिच राहिला आहे. तो धर्म नव्हता, वेद नव्हता. त्याचे नाव आहे, त्याच्या मरणाची जागा आहे, आणि त्याची शिळा देवळाच्या गाभाऱ्यात नाही, समोर आहे. इतका नेमका विवेक आम्ही अन्यत्र पाहिला नाही. देवळाची मर्यादा अबाधित, आणि बाहेर उभ्या असलेल्यास त्याचा पूर्ण मान.

या शिळेशेजारी रायगडावरील वाघ्याचा पुतळा ठेवून पाहण्याचा मोह होतो. ते स्मारक 1936 मधले. त्यासाठी तुकोजीराव होळकरांचे द्रव्यसाहाय्य झाले. शिवरायांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याच्या कथेस समकालीन पुरावा नाही आणि तिच्या प्रसारात गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाचा वाटा आहे, हे आता बहुतेक अभ्यासक सांगतात. 2012 मध्ये तो पुतळा हलविण्यात आला आणि पुन्हा बसविण्यात आला; वाद अद्याप मिटलेला नाही. त्यात पडण्याचे आम्हांस कारण नाही. निष्ठेचे प्रतीक हवे म्हणून जे कुत्रे चौथऱ्यावर चढविले जाते, त्याच्या वाट्यास कुत्रेपण अखेर थोडेच येते, एवढेच येथे नोंदवितो.

अर्वाचीन ललित वाङ्मयात कुत्रे येते ते बहुधा विनोदात. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते; रावसाहेबांसारखे अजरामर व्यक्तिचित्र त्यांना या गावानेच दिले. त्यांचा ‘पाळीव प्राणी’ हा लेख ऐकून हसला नाही असा मराठी माणूस विरळा. तो लेख पाहुण्याच्या बाजूने लिहिलेला आहे, आणि पाहुण्याची बाजू खरी आहे. कुत्रा पाहुण्याच्या अंगावर चढत असताना ‘तो काही करीत नाही’ म्हणून खुर्चीत बसून राहणारा यजमान आम्हीही पाहिला आहे. परंतु त्या हास्यात एक समज पक्का होऊन गेला, की कुत्रे घेऊन फिरणे हा साहेबी शौक आहे. बेळगावच्या कँपात गोरे अधिकारी कुत्री घेऊन फिरत असत, त्यांचे अनुकरण म्हणून आमच्यातील काहींनी पट्टे विकत घेतले, असे आजही बोलले जाते. कँपाच्या सावलीच्या रस्त्यांपुरते ते खरे असेल. पण या जिल्ह्यात पावसाळा सरल्यावर मेंढरांचे कळप घेऊन निघणारे धनगर आणि कुरुबर कुत्र्यावाचून कधी चालले आहेत काय? जवळच्या मुधोळचे घोरपडे संस्थानिक ज्या शिकारी जातीस मान देत आले, ती मुधोळ हाउंड शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलीच; 2005 साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. बारीक अंगाची, लांब तोंडाची, वाऱ्यासारखी धावणारी ही जात दिवाणखान्यात गादीवर बसविण्यासाठी जन्मलेली नाही. कुत्र्यासोबत उघड्यावर दिवस घालविणे हे या मातीत नवे नाही. नवा आहे तो सुटीचा रविवार आणि मोटार.

आणि नवीन आहे फाटकावरील पाटी. ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ ही पाटी बागेच्या दारावर आता ओळखीची झाली आहे. अमेरिकेत बर्कली येथे 1979 मध्ये कुत्र्यांसाठी राखीव मैदान सुरू झाले आणि तेथून ती प्रथा पसरली. आपल्याकडे हैदराबादेस 2018 मध्ये कोंडापूर भागात महानगरपालिकेने तसे उद्यान काढले. बंगळूरच्या कब्बन उद्यानात मात्र 2022 मध्ये पाळीव कुत्र्यांना बंदी घालण्याचा विचार झाला आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. कुंपण घातलेल्या मैदानात कुत्री मोकळी सोडावीत ही सोय शहरास उपयोगाची असेल. आम्हांस तिच्याविषयी फारसा उत्साह नाही, हे कबूल करतो. ज्याची सगळी थोरवी सोबत चालण्यात, त्यास एका चौकोनात सोडून आपण बाकावर बसावे यात अर्धेच सुख आहे. त्यापेक्षा व्हॅक्सिन डेपोच्या झाडीकडेची पहाटेची वाट, येळ्ळूरचा राजहंसगड, देवरवाडीच्या वैजनाथाचा डोंगर, आडीची चढण ही आपली खरी मैदाने. आणि ती पाहता पाहता ध्यानात येते, की आपल्याकडे डोंगर चढला की माथ्यावर किंवा पोटात देऊळ असतेच. राजहंसगडावर सिद्धेश्वर आहे, वैजनाथास वैजनाथ, आडीस दत्त. म्हणजे कुत्र्यासोबत एक दिवस बाहेर काढू म्हणणाऱ्या माणसास आज ना उद्या देवळाच्या दाराशी उभे राहावेच लागते. शेजारच्या केरळात, कण्णूरजवळ पऱ्हश्शिनिकडव येथे मुत्तप्पन देवाच्या मंदिरात कुत्र्यांना मज्जाव नाही, दारीच त्यांच्या मूर्ती आहेत. तो त्या देवाचा कुळाचार. आमच्या देवळांनी तो उसना घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. आतकूरची शिळा आम्हांस पुरे.

विरुद्ध पक्ष दुबळा नाही आणि तो नीट मांडला पाहिजे. प्रदक्षिणेच्या वाटेवर लोक अनवाणी चालतात. नैवेद्याची ताटे जातात. लहान मुले असतात, आणि कुत्र्यास भिणारी मोठी माणसेही असतात. भीती ही काही लबाडी नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून येणारा रोग एकदा अंगात उमटला म्हणजे माणूस जवळजवळ वाचत नाहीच; चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस टोचून घेणे हाच मार्ग आहे, आणि तो प्रत्येक सेवेकऱ्यास पाठ असावा. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न 2025 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि देशभर त्यावर वादंग माजले. तो प्रश्न वेगळा आणि फार मोठा आहे. पट्ट्याला बांधून आणलेल्या कुत्र्याचा प्रश्न लहान आहे. त्याचे उत्तर नव्वद टक्के पट्टा धरणाऱ्याच्या हाती असते. वर्षाला लस टोचून घेणे, गर्दीत पट्टा आखूड धरणे, अंगावर जाणाऱ्या कुत्र्यास मुसके घालणे, आणि त्याने केलेली घाण आपल्या हाताने उचलणे. या शेवटच्या बाबतीत आमच्या सुशिक्षित कुत्रेवाल्यांची वर्तणूक पाहिली की फाटकावरील पाटीचा राग येईनासा होतो. कँपातील हमरस्त्यावर भारी परदेशी जातीचे कुत्रे घेऊन चालणारा गृहस्थ आकाशाकडे पाहत उभा राहतो, हा देखावा रोजचा आहे.

परंतु देवस्थानांकडेही थोडे मागणे आहे. जुन्या देवळांच्या आवाराबाहेर गाड्या सोडावयाची जागा असे, बैलांस सावली असे, पाण्याची दगडी डोण असे. बैल कधी गाभाऱ्यात गेला नाही, आणि त्यास उन्हात तहानलेले ठेवून कोणी आत पूजा केली नाही. गाड्या गेल्या, मोटारी आल्या, आणि सावलीची ती जागा त्यांनी अडविली. दीपमाळेच्या बाजूस एक खुंटा, थोडी सावली आणि पाण्याचे एक भांडे यांस महाजनांच्या सभेत ठराव करावा लागेल असे आम्हांस वाटत नाही. आणि ज्यांना आत जाता येत नाही त्यांनी बाहेर उभे राहून कळसास हात जोडले, तर त्यांचे दर्शन अपुरे झाले असेही मानण्याचे कारण नाही. पंढरपुरास महाद्वाराबाहेर चोखोबांची समाधी आहे आणि पायरीशी नामदेव आहेत. बाहेर राहणे म्हणजे काय आणि ते कोणी कोणावर लादले, हे मराठी माणसास नव्याने सांगावयास नको. ते गृहस्थ मात्र आपण होऊन बाहेर राहिले होते, एका कुत्र्यासाठी.

त्या दत्तजयंतीनंतरच्या गुरुवारी ते आले नाहीत, त्यानंतरच्याही नाही. आम्ही टिळकवाडीत चौकशी केली. प्रकृती बरी आहे, पहाटे डेपोच्या बाजूस कुत्र्यासह दिसतात, एवढे कळले. एका पहाटे आम्ही तेथे गेलो. ते लांबून येताना दिसले, पट्टा सैल, कुत्रे दोन पावले मागे. काय बोलावे ते सुचेना. शेवटी एवढेच म्हणालो, की त्या दिवशी आम्ही तेथे होतो. ते म्हणाले, “होय, मी पाहिले होते तुम्हांला.” मग कुत्र्याचे नाव विचारले तेव्हा हसले आणि म्हणाले, नाव कसले, सुणें म्हणतो, येते.

येत्या दत्तजयंतीस त्याच बुवांचे कीर्तन ठरले आहे. आम्ही त्यांस पत्र लिहून विनंती केली आहे, की या खेपेस पूर्वरंगात सरमेचे आख्यान घ्यावे. बुवांचे उत्तर आले. ही कथा आपण कधी लावलेली नाही, संहिता पाठवावी, असे त्यांनी मनमोकळेपणाने कळविले आहे. पौष्योपाख्यानाचा तो भाग आम्ही हाताने उतरवून काढला आणि मागल्या सोमवारी टपालात टाकला.